सात नंबरची खुर्ची

२ जानेवारी
नवी डायरी. गेल्या वर्षीची फेब्रुवारीतच थांबली, कारण तेव्हा हिला पॅरालिसिसचा झटका आला आणि नंतर लिहायला फुरसत मिळाली नाही. डावा हात, डावा पाय. अकरा महिने झाले.

यंदा रोज एक नोंद, थोडक्यात. एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नाही. बायकोचा एक पाय जागेवर आणणं त्यापेक्षा अवघड नसावं.

टार्गेट: १५ फेब्रुवारीला ही स्वतःच्या पायांनी चालत अक्कांकडे जाणार. अक्का म्हणजे हिची थोरली बहीण. चार गल्ल्या पलीकडे राहतात, पण त्याही अंथरुणाला खिळलेल्या. दोघींची वर्षभरात गाठ नाही. आज मुद्दाम जाऊन पावलं मोजली. माझी नऊशे बारा भरली. हिची लहान पडतात, पंधराशे धरू.

आजचा प्रोग्रेस: पलंग ते दार, सात पावलं. वॉकर धरून. आणि मला धरून.

५ जानेवारी
फिजिओ आली होती. पोरगी हुशार आहे, पण घाई फार. म्हणाली, काका, घरातल्या घरात वॉकर ठीक आहे, बाहेर जायला व्हीलचेअर घ्या, काकूंना मोकळी हवा मिळेल, चालणं याहून फार सुधारेल असं मला वाटत नाही. मी म्हटलं, तुला वाटत नाही, पण मी तक्ता केलाय. भिंतीवरचा रोजच्या पावलांचा तक्ता दाखवला. तिने पाहिला आणि काही बोलली नाही. पटला असावा.

ती गेल्यावर हीसुद्धा म्हणाली, अहो, आणा ना एक खुर्ची. अक्काला बघून येते. मी समजावलं, खुर्चीत बसलीस की पाय चालणं विसरतात. आयुष्यभर बसायचंय का? गप्प बसली. म्हणजे कळलं तिला.

पुस्तकात वाचलंय की आजारी बाजूला बसून बोललं की ती बाजू जागी राहते. म्हणून मी कायम हिच्या डावीकडे बसतो. अशा बारीक गोष्टी फिजिओला कुठून माहीत असणार.

९ जानेवारी
आज केंद्राबद्दल लिहून ठेवतो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचं रुग्ण साहित्य केंद्र. एका डॉक्टरांनी सुरू केलं, तीन वर्षांपासून मी बघतो. सोमवार ते शनिवार, दहा ते एक. अकरा व्हीलचेअर, चौदा वॉकर, काठ्या, कमोडच्या खुर्च्या, दोन हवेच्या गाद्या. ज्याला गरज आहे त्याने न्यावं, गरज संपली की परत आणावं. फुकट. मुदत तीस दिवस, वाढवून पंधरा. त्यापुढे नाही. एकाच माणसाला तीच वस्तू पुन्हा तीन महिने नाही. हे नियम माझे. मी येण्याआधी लोक वर्ष वर्ष वस्तू ठेवून घ्यायचे आणि वॉकरवर टॉवेल वाळत घालायचे.

परतीच्या फॉर्मवर कारण लिहावं लागतं. दोनच चौकोन आहेत: 'बरे झाले' आणि 'इतर'. 'इतर' म्हणजे काय ते विचारायची वेळ कोणावर येऊ नये म्हणून हा शब्द मीच शोधला. डॉक्टरांनी तेव्हा माझी पाठ थोपटली होती.

१२ जानेवारी
समोरच्या वहिनी केंद्रात आल्या. आमच्या दारासमोरच त्यांचं दार. मी घरी नसतो तेव्हा हिच्याजवळ बसतात, बाई मोठी गुणाची. व्हीलचेअर हवी म्हणाल्या. कोणासाठी विचारलं तर एका मैत्रिणीसाठी. पेशंटचं नाव सांगेनात, म्हणे तिला आवडत नाही. नियमात बसत नव्हतं, पण शेजारधर्म म्हणून 'मैत्रीण' असंच लिहिलं.

मात्र एक सही राहिली. पेशंटच्या घरच्या माणसाची सही लागते. मी म्हटलं, मैत्रिणीच्या नवऱ्याला पाठवा. वहिनी म्हणाल्या, त्यांना वेळ नसतो हो. कसले एकेक नवरे असतात. रकाना मोकळा ठेवला, आल्यावर घेऊ.

सात नंबर दिली. जरा जुनी आहे, पण चाकं हलकी.

२२ जानेवारी
तक्ता काम करतोय. हिच्या चेहऱ्यावर रंग चढलाय. गालावर चक्क ऊन लागल्यासारखी लाली. जेवण वाढलं. दुपारी मी केंद्रातून आलो की गुणगुणत असते. व्यायाम सकाळी सातला घेतो, त्याचा परिणाम दुपारपर्यंत टिकतो, हे मला नवीन आहे. फिजिओला सांगायला हवं.

पावलं मात्र अजून नऊच. पण आधी रक्ताभिसरण, मग पावलं. क्रम असतो.

जेवताना म्हणाली, कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान गेलं, तिथे शिंपी आलाय. माझ्याच लक्षात आलं नव्हतं. वहिनी सगळ्या बातम्या पुरवतात हिला.

२९ जानेवारी
दोन गोष्टी सापडत नाहीत. एक, बेडरूमचा जुना पडदा, निळ्या चौकड्यांचा. पुसायला म्हणून बाजूला ठेवला होता. हिला विचारलं, म्हणाली, फाटला, दिला. कोणाला दिला ते सांगेना.

दुसरी, माळ्यावरची लांब फळी. ती संध्याकाळी सापडली, दाराच्या मागे उभी. वर दोन समांतर काळ्या रेघा. आमचं घर तळमजल्यावर, बाहेर दोन पायऱ्या. कोणीतरी फळी टाकून सायकल चढवलेली दिसते. सोसायटीच्या सेक्रेटरीला तोंडी तक्रार केली. ते म्हणाले बघतो. ते काय बघणार.

११ फेब्रुवारी
सात नंबरची मुदत आज संपली. वहिनींना आठवण दिली. म्हणाल्या, पंधरा दिवस वाढवून द्या, मैत्रिणीला फार बरं वाटतंय. वाढवून दिले. नवऱ्याला पाठवा याची पुन्हा आठवण केली. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. बहुतेक त्या घरात काहीतरी गडबड आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज जायचं होतं.

सकाळी साडेसातला निघालो. इस्त्रीचे कपडे, नवीन रबरी बुचं लावलेला वॉकर. पलंग ते दार सहज. दार ते पायऱ्या वीस मिनिटं. पहिल्या पायरीवर डावा पाय उचलेना. मी खालून मोजत होतो, एक, दोन, उचल. एक, दोन, उचल. ही म्हणाली, अहो, नाही उचलत हो, मी काय मुद्दाम करतेय का? मी म्हटलं, मनाची तयारी कर. मग तिथेच पायरीवर बसली आणि रडायला लागली. समोरच्या वहिनी दारात आल्या. मी त्यांना म्हटलं, काही नाही, विश्रांती घेतोय.

दोघांनी मिळून आत आणलं. नवीन सॅंडल पायाला बसत नसावेत. शिवाय ऊनही होतं.

सुधारित टार्गेट: ३१ मार्च. अक्कांना फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही कशाला त्रास घेता, चाललंय की छान. काय छान चाललंय ते कळलं नाही. वय झालंय त्यांचं.

२० फेब्रुवारी
चिरंजीवांचा फोन. दुसऱ्या देशात बसून सल्ले द्यायला काय जातं. बाबा, तुमच्या हाताखाली अकरा खुर्च्या आहेत, एक आईला का नाही? मी म्हटलं, त्या रुग्णांसाठी आहेत. तो म्हणाला, मग आई कोण आहे? फोन हिच्याकडे दिला. त्याला स्टोअरची शिस्त कधी कळली नाही.

२६ फेब्रुवारी
वाढवलेली मुदत संपली. सात नंबर आली नाही. वहिनी शब्दाला पक्क्या, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. केंद्राच्या लेटरहेडवर नोटीस लिहिली आणि स्वतः त्यांच्या दाराखालून सरकवली. शेजारी असले तरी नियम सगळ्यांना सारखे.

खरं तर आत्ता केंद्रात चार खुर्च्या मोकळ्या उभ्या आहेत. पण प्रश्न खुर्चीचा नाही.

३ मार्च, मंगळवार
दहालाच वहिनी सात नंबर घेऊन केंद्राच्या दारात. परत दुसऱ्या नावाने नेता येईल का विचारलं. त्याच घरात, त्याच पेशंटला, तीन महिने नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी फॉर्म ओढला आणि 'इतर' या चौकोनात खूण केली.

मी म्हटलं, वाईट झालं हो. त्या म्हणाल्या, हो, वाईटच झालं.

खुर्ची तपासली. ब्रेक ठीक. चाकांत वाळलेला चिखल. सीटवर कोणीतरी परस्पर उशी बांधली होती, निळसर कापडाची, नाडीने. केंद्राची नाही अशी वस्तू स्टॉकमध्ये चालत नाही. सोडवून भंगाराच्या पेटीत टाकली.

घरी येऊन हिला सांगितलं, वहिनींची ती मैत्रीण गेली बरं का. ही भिंतीकडे बघत होती. म्हणाली, कळलं मला.

९ मार्च
ही जेवत नाही. गालावरची लाली गेली. सकाळी सातला उठवलं तर डोळे मिटून पडून राहते. तक्त्यावर तीन दिवस शून्य, मग मी पेन्सिलने पाच लिहिलं, म्हणजे तिचा धीर खचायला नको. ती तक्ता बघतच नाही, ही गोष्ट वेगळी.

औषध बदलल्याचा परिणाम असावा. औषध डिसेंबरात बदललं होतं. पण काही औषधं उशिरा चढतात.

१३ मार्च
आज ही आपणहून बोलली. म्हणाली, केंद्रात चार खुर्च्या मोकळ्या आहेत म्हणे. एक आणा. अक्काची तब्येत बरी नाही, मला जायचंय.

खुर्च्यांचा आकडा हिला कोणी सांगितला हे मला महत्त्वाचं वाटलं, म्हणून आधी तेच विचारलं. मग म्हटलं, ३१ मार्च आता किती लांब आहे? अठरा दिवस. वर्षभर दम धरलास. आता ऐन वेळी खुर्चीत बसलीस तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल.

कोणाच्या मेहनतीवर, असं ती म्हणाली. मी उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न रागात होता.

१८ मार्च
काही विशेष नाही. दोन पावलं.

२२ मार्च, रविवार
सकाळी अक्का गेल्या. भाच्याचा फोन आला तेव्हा मी हिला व्यायामाला बसवत होतो.

ही रडली नाही. म्हणाली, आता तरी आणा. केंद्राची किल्ली माझ्याच खिशात होती. पण रविवार, आणि टॅक्सी तर दारापर्यंत जाते. टॅक्सीच बोलावली. तिथे चार पायऱ्या निघाल्या. शेवटी दोन्ही भाच्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची बाहेर आणली, हिला त्यात बसवली आणि उचलून आत नेलं. डावा पाय लोंबत होता. सॅंडल वाटेत पडला, तो मी उचलला.

अक्कांची सून हिच्या गळ्यात पडली. म्हणाली, मावशी, आई रोज विचारायच्या हो, आता मंगळवार-गुरुवारी का येत नाही ती, रागावली का माझ्यावर. मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं. मी समजावायला पुढे झालो की अगं ही वर्षभर घराबाहेर पडलेली नाही. समोरच्या वहिनीही तिथे होत्या. त्यांनी मान खाली घातली.

मग पलंगाकडे लक्ष गेलं. अक्कांच्या पाठीमागे एक उशी होती. निळ्या चौकड्यांची. आमच्या पडद्याची.

२३ मार्च
केंद्र उघडलं. पंख्याखाली बसून राहिलो. दोन माणसं आली, त्यांना काठ्या दिल्या. एकाची एंट्री करायची राहिली. असं आजवर झालेलं नाही.

भंगाराची पेटी उलटी केली. उशी होती. तेच कापड.

दुपारी वहिनींना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. तुम्ही दहाला गेलात की फळी टाकायचो, म्हणाल्या. मंगळवारी आणि गुरुवारी अक्कांकडे, तिथल्या पायऱ्या भाचे खुर्चीसकट चढवायचे. बाकी दिवस शिंप्याच्या दुकानापर्यंत, ऊन खात. एकपर्यंत परत. अक्का आणि ती हात धरून बसायच्या, बोलायच्यासुद्धा नाहीत फारशा. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? वहिनी म्हणाल्या, सांगितलं असतं तर तुम्ही दिली असती? आणि तुमच्या तक्त्याला वाईट वाटू नये असं तिचंच म्हणणं होतं. बरं वाटतंय तर ते व्यायामामुळे वाटतंय असंच समजू दे त्यांना, म्हणायची.

तीन मार्चला खुर्ची परत घेतली, तो मंगळवार होता. त्या दिवसापासून एकोणीस तारखेपर्यंत मंगळवार आणि गुरुवार मिळून सहा. सहा खेपा. असला हिशोब मला न मागता येतो.

मोकळ्या खुर्च्या त्या दिवशी चार होत्या. आजही चारच आहेत.

२४ मार्च
सात नंबर घरी आणली. उशी धुऊन, वाळवून परत बांधली. हिला म्हटलं, चल. ही म्हणाली, आता कुठे जायचंय? मी म्हटलं, नुसतं बाहेर. शेवटी उजवा हात पुढे केला.

फळी मी चुकीची लावली. तीन वर्षं लोकांना खुर्च्या वाटतोय, पण स्वतः कधी एक ढकलली नव्हती. ही सांगत होती, उलटी घ्या, मागची चाकं आधी. गटाराच्या झाकणापाशी थांबा, तिथे अडकतं. डावीकडे धरा, रस्ता उतरता आहे. प्रत्येक खड्डा तिला पाठ होता. माझी नऊशे बारा पावलं मोजून झाली होती, पण खड्डा मला एकही आठवेना.

शिंपी दुकानातून बाहेर आला. म्हणाला, ताई, बऱ्याच दिवसांनी. उशी नीट बसते ना? मग मला विचारलं, तुम्ही कोण? ही म्हणाली, माझे मिस्टर. त्याने नमस्कार केला. म्हणाला, अच्छा, म्हणजे आज तुम्हाला वेळ मिळाला.

शिंप्याच्या पुढे अक्कांची गल्ली लागते. मी वळवणार होतो. तिने चाकावर हात ठेवला आणि म्हणाली, नको, घरी चला.

२५ मार्च
तक्ता काढला. भिंतीवर चार खिळ्यांच्या खुणा राहिल्या, त्या बुजवणार होतो. राहू दिल्या.

केंद्रात जुनं पान उघडलं. १२ जानेवारी, सात नंबर, पेशंट: मैत्रीण. शेवटचा रकाना अजून मोकळा होता. बंद झालेल्या नोंदीला हात लावायचा नाही, हा नियमही माझाच. सही केली. तारीख मागची घातली नाही, आजचीच घातली.

खाली नवीन नोंद केली. पेशंटचं नाव पूर्ण लिहिलं. मुदतीच्या रकान्यात काही सुचेना.

२६ मार्च, गुरुवार
हिने विचारलं, खुर्ची परत कधी करायची? मी म्हटलं, तारीख टाकली नाही. ती म्हणाली, टाका. नाहीतर समोरच्या वहिनींना परत नोटीस यायची.

मी तिच्याकडे पाहिलं. हसली की नाही ते कळलं नाही. डावा गाल हसत नाही तिचा, आणि मी वर्षभर त्याच बाजूला बसतोय.

उद्यापासून उजवीकडे बसायचं.